आधी अडवायचं, मग ओळखायचं

अनोळखी नंबरचा फोन आला की मी आजही उचलत नाही. वाजून वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत बसते. थांबल्यावर जीव भांड्यात पडायला हवा, पण पडत नाही. उचलला तरी आप्पा आठवतात, नाही उचलला तरी आप्पाच आठवतात. ह्या माणसानं मला फोनपुरतं कायमचं जायबंदी करून ठेवलंय.

आप्पा म्हणजे बेळगावात, अनगोळला, मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचे ते घरमालक. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर कॉम्प्युटर सांभाळले आणि तिथूनच रिटायर झाले. घरात ते, त्यांची बायको म्हणजे आमच्या आक्का, आणि एकुलता एक मुलगा बाळू. बाळू कोल्हापूरला नोकरीला होता. त्या बाळूचा एका रविवारी फोन आला आणि आप्पांनी तो कट केला. सांगायचंय ते एवढंच. पण एवढंच सांगितलं तर तुम्ही त्यांना राक्षस म्हणाल, आणि राक्षस ते नव्हते हो. वेडे होते. लई मायाळू, लई भित्रे आणि लई डोकं खाणारे वेडे.

खोली बघायला गेले तेव्हा दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "कोण? यारू? कौन?" मराठी, कन्नड, हिंदी, तिन्ही एका दमात. मी म्हटलं, मी शाळेत शिकवते, खोलीसाठी आलेय. "कुणी धाडलं?" मी आमच्या हेडबाईंचं नाव सांगितलं. ऊन मी म्हणत होतं आणि हा माणूस आतून हेडबाईंना फोन लावून माझी उंची, माझा चष्मा, माझ्या साडीचा रंग विचारत होता! मी वळून चालायलाच लागले होते, तेवढ्यात दार उघडलं. समोर उंच, वाकलेला, तोंडभर हसणारा म्हातारा. हातात बशी, बशीत कुंदा.

"राग धरू नका बाई. आधी अडवायचं, मग ओळखायचं. या, बसा. खावा."

मी कणकुंबीकडची, जंगलातली. आमच्याकडं दाराला कडी घालतात ती अस्वल येऊ नये म्हणून, माणसासाठी नाही. मी हे फणकाऱ्यानंच सांगितलं. आप्पांनी मान डोलावली आणि म्हणाले, "अस्वल बरं की. त्ये मी तुमच्या बँकेतनं बोलतोय म्हणत न्हाय." मला हसू आलं आणि तिथंच फसले. खोली घेतली.

त्या घरात एक शब्द असायचा. रविवारी सकाळी नाष्टा झाला की आप्पा पुढच्या आठवड्याचा शब्द सांगायचे. तोंडानं, समोर बसवून. फोनवर सांगायचा नाही, कुठं लिहायचा नाही. आठवडाभरात घरातलं कुणीही परक्या फोनवरून बोललं, पैसे मागितले, मदत मागितली, की आधी तो शब्द सांगायचा. शब्द सांगितला तर आपला माणूस, नाही तर फोन बंद. आधी शब्द अवघड असायचे म्हणे, पण आक्कांच्या काही केल्या लक्षात राहिनात. म्हणून मग खाण्याचे ठेवायला लागले. मांडे, कुंदा, आंबोळी, झुणका. भाडेकरू म्हणून मलाही त्यात ओढलं होतं. भाजीला गेलेल्या आक्का एकदा शब्द विसरल्या आणि दाराबाहेर उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होत्या, "अवो, उघडा! तीस वर्सं रांधून घाटलंय तुम्हास्नी, आणि मला शब्द इचारतायसा? पालक वाळाय लागला!" आतून शांतपणे उत्तर, "मागल्या रविवारी काय रांधलंवतं त्ये आठव." गॅसवाला तर सिलिंडर फाटकातच ठेवून पळायचा.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी जखमेला लावायची पट्टी चिकटवली होती. आंघोळीला जाताना इंटरनेटचं बटण बंद करून जायचे. कुणी कौतुकानं नातवाचा फोटो दाखवायला फोन पुढं केला तर आधी विचारायचे, "ह्याला कुलूप हाय काय?" आणि नसलं तर फोटो राहायचा बाजूला, तासभर शिकवणी. गल्ली त्यांना हसायची. पण लाइट तोडणार म्हणून मेसेज आला, की हीच गल्ली फोन घेऊन त्यांच्या पायरीवर यायची. समोरच्या घरातली एकटी राहणारी म्हातारी एकदा फोनवर कुणाला तरी बँकेचा आकडा सांगायच्या बेतातच होती. आप्पा चप्पल न घालता रस्ता ओलांडून धावले आणि तिच्या हातातून फोन हिसकावला. म्हातारीनं शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या. म्हणजे बघा, माणूस चुकत नव्हता. हेच मला आजवर पचलेलं नाही. तो दर वेळेला बरोबर निघायचा.

"शहर कसं बदललं बघा बाई," ते पायरीवर बसून म्हणायचे. "पूर्वी ह्या गल्लीत परकं कुत्रं आलं तरी चार घरं इचारायची, कुणाचं रं हे. आता शेजारच्या बिल्डिंगीत कोण राहतंय म्हायती न्हाय. मयत झाल्याचं वासावरनं कळतंय. आणि हिकडं फोनवर बघावं तर जो उठतो त्यो म्हंतो, मी तुझा भाऊ, मी तुझा सायब. ओळख दाखवणारी लई झाल्यात आणि ओळखीचं कोण ऱ्हायलं न्हाय." असं बोलून झालं की उगीचच फाटकाची कडी हलवून बघायचे. मला तेव्हा ते बोलणं कंटाळवाणं वाटायचं. आता शहरात एकटी फिरताना तेच माझ्या तोंडात येतं.

ही अडवायची खोड कॉम्प्युटरमधली नव्हती, फुटबॉलमधली होती. आप्पा मूळचे निपाणीचे. आई विड्या वळायची आणि हा मुलगा दिवसभर मैदानावर. कोल्हापूरचं फुटबॉलचं वारं निपाणीला आधीपासून लागलेलं. आप्पा गोलकीपर. हात लांब, उडी लांब, आणि पोरगं कुणाला भ्यायचं नाही, असं त्यांचा दोस्त तात्या सांगायचे. तात्या त्याच टीमचे बॅक. अजून निपाणीतच असतात, जीप चालवतात. एका फायनलला खेळ संपत आला होता, बरोबरी होती. तात्यांनी बॉल मागं आप्पांकडं दिला. साधा, सावकाश, आपल्याच माणसानं आपल्याच माणसाला दिलेला. आप्पा दुसरीकडं बघत कुणाला तरी ओरडून काही सांगत होते. बॉल दोन पायांमधून सरळ आत गेला. सगळं मैदान हसलं. लोक हरल्याचं विसरतात, हसल्याचं विसरत नाहीत.

"समोरच्या टीमनं मारला असता तर म्या अडवला असता," आप्पा मला सांगायचे. हे सांगताना हात आपोआप पुढं यायचे. "आपल्याच माणसाचा म्हणून बघितलाच न्हाय. तवापास्नं ठरवलं. बॉल कुणाच्या बी पायातनं येऊ दे. आधी अडवायचं, मग ओळखायचं." दर रविवारी दुपारी मॅच असली की ते मैदानावर जायचे, आणि बसायचे ते गोलच्या मागं. पुढं कोण काय खेळतंय याचं त्यांना सोयरसुतक नसायचं. नुसते कीपरच्या पाठीशी ओरडायचे, "बघ रं, बघ! तुझ्याच बॅककडं बघ!"

बाळू या सगळ्याला हसून घ्यायचा. उमदा मुलगा. कोल्हापुरात तोही सुट्टीला खेळायचा, पण फॉरवर्डला. "आप्पांनी अडवलेलं सगळं मला मारायचंय," म्हणायचा. सुट्टी जमेल त्या रविवारी मोटरसायकलवरून घरी यायचा, आणि दारात मुद्दाम शब्द चुकीचा सांगायचा. आतून आप्पा "न्हाय" म्हणायचे, बाहेरून हा ओरडायचा, "आप्पा, मी तुमचा पोरगा हाय, व्हायरस न्हवं!" मग दोघं हसायचे. आक्का कपाळाला हात लावायच्या. त्या घरातला तो सगळ्यात चांगला आवाज होता.

पुढं पेपरात यायला लागलं की आता आवाजसुद्धा नकली करता येतो. मुलाचा थोडा आवाज कुठून तरी उचलायचा, आणि मशीन त्याच आवाजात बापाला हाक मारतं. आप्पांनी ते कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी डकवलं. त्या दिवसापासून नियमात दोन गोष्टी वाढल्या. एक, आवाज ओळखीचा वाटला तर जास्त सावध राहायचं. दुसरी, जुना शब्द सांगणारा सगळ्यात धोक्याचा. "ज्याला कायच म्हायती न्हाय त्यो बाहेरचा चोर. ज्याला मागचा शब्द म्हायती हाय, त्येनं आत हात घाटलाय." कॉम्प्युटरवाल्या कुणालाही विचारा, हे शंभर टक्के बरोबर आहे म्हणून सांगेल.

तर तो रविवार. त्याच्या आदल्या रविवारी बाळू आला नव्हता, कोल्हापुरात त्याची मॅच होती. आम्हांला नवा शब्द मिळाला होता, कुंदा. बाळूला तो माहीत असायचं कारणच नव्हतं, कारण फोनवर शब्द सांगायचा नाही. त्याच्याकडं अजून जुनाच होता, मांडे. ह्या रविवारी तो येणारच होता, म्हणून सकाळचा नवा शब्दही थांबवला होता, तो आल्यावरच सांगू, एवढा साधा हिशेब. आक्कांनी त्याच्यासाठी वाटण करून ठेवलं होतं. मी खाली त्यांच्याबरोबर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. आप्पा मैदानावर जायच्या तयारीत, डोक्यावर टोपी.

फोन वाजला. अनोळखी नंबर. आप्पांनी नेहमीप्रमाणं स्पीकर लावला, साक्षीला आम्ही असावं म्हणून.

"आप्पा, मी बाळू. तवंदी घाटात पडलोय. माझा फोन फुटला, टेंपोवाल्याच्या फोनवरनं बोलतोय. पोटात लई दुखतंय आप्पा. अँब्युलन्सला वेळ लागंल म्हंत्यात, तात्यास्नी लावा. जीप घेऊन लगेच या म्हणावं."

तवंदी घाट निपाणीच्या अगदी तोंडाशी आहे. तात्या घरातून निघाले तर पोचायला वेळ लागत नाही. पण तात्यांचा नंबर त्या फुटलेल्या फोनात होता, आणि बाळूला पाठ होता तो फक्त बापाचा. तोही आप्पांनीच सगळ्यांकडून घोकून घेतला होता, अडीअडचणीला असावा म्हणून.

आप्पा म्हणाले, "शब्द सांग."

"आप्पा..." मागं गाड्यांचे आवाज. श्वास लागलेला. "मांडे. मांडे की आप्पा."

मी आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो ताठ झाला. भीती नव्हती हो त्यात. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो बॉल समोरून आला, असा तो चेहरा होता.

"अवो, बाळू हाय त्यो!" आक्का उठल्या, मांडीतल्या शेंगा सगळ्या घरभर झाल्या.

"गप. आवाज करता येतोय. आणि शब्द मागचा हाय." एवढं बोलून त्यांनी फोन कट केला. मग तो नंबर ब्लॉक केला. आणि दोन्ही हात छातीशी घेऊन म्हणाले, "अडवला."

मी ओरडले, आप्पा, तात्यांना फोन करा. ते म्हणाले, नियम तसा नाही, ज्याचं नाव सांगितलंय त्याच्याच नेहमीच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. तेही बरोबरच होतं. त्यांनी बाळूचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पुन्हा. "गाडीवर असंल," म्हणाले. "गाडीवर त्यो बंद ठेवतोय." तिकडं तो टेंपोवाला बिचारा पुन्हा पुन्हा फोन लावत होता, हे तात्यांकडून नंतर कळलं, पण ब्लॉक केलेला नंबर वाजत नाही. शेवटी आक्कांनी माझा फोन ओढून घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला तात्यांचा नंबर लावला. आप्पा "नगं, त्येला बी फशिवत्याल" म्हणत राहिले, पण आवाजात जोर नव्हता.

तात्या गेले. बाळूला जीपमध्ये घातला तेव्हा तो बोलत होता. दवाखान्याच्या दारात बोलायचा थांबला. आत रक्त जास्त गेलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य सगळे डॉक्टर म्हणतात का हो? म्हणू नये त्यांनी. देवाशपथ म्हणू नये.

दिवसकार्य झाल्यावर तात्या मला जिन्यात भेटले आणि रडत म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका. पोरगं वाटंत मला एकच इचारत हुतं. तात्या, नवा शब्द काय हाय वो? तुम्हास्नी म्हायती हाय काय? सांगा की, आप्पास्नी फोन लावतो."

मी कुणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. आप्पांपर्यंत ते पोचलं नसेल अशी आशा आहे. पण ज्या घरात दार वाजल्याशिवाय मुंगी आत येत नव्हती, त्या घरात असल्या गोष्टी बरोबर आत येतात.

त्यानंतर आप्पांनी शब्द ठेवला नाही. कात्रण काढलं, कॅमेऱ्यावरची पट्टी काढली. फाटक उघडं राहायला लागलं, दारही. मी खाली उतरले की दिवसाढवळ्या घर सताड उघडं आणि आप्पा खुर्चीत, मांडीवर फोन. आवाज मोठा केलेला. पहिल्या रिंगला उचलायचे आणि म्हणायचे, "बाळू?" कर्जवाले, विमेवाले, लॉटरी लागली म्हणणारे, सगळ्यांना आधी "बाळू?" मग समोरचा जे मागेल ते देत जायचे. कार्डावरचा आकडा, जन्मतारीख, फोनवर आलेला नंबर. चोरांच्यात बातमी फिरते की काय कोण जाणे, पण फोन वाढतच गेले. खातं रिकामं झालं. तात्यांनी भांडून कार्ड काढून घेतलं, गल्लीनं समजावलं, मी हातापाया पडले. आप्पा ऐकून घ्यायचे. "व्हय, व्हय. तुमचं बराबर हाय," म्हणायचे. त्यांच्याच शिकवण्या आम्ही त्यांना म्हणून दाखवत होतो, आणि त्या सगळ्या बरोबर होत्या, आणि एकीचाही काडीचा उपयोग नव्हता.

मैदानावर एकदाच गेले. मी मुद्दाम घेऊन गेले होते. गोलच्या मागं बसले, ओरडले मात्र नाहीत. कीपरनं एक बॉल झेप घेऊन छान अडवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आप्पा उठून घराकडं चालायला लागले. मी मागनं धावले. "आत जाऊ द्यायचा हुता त्येनं," म्हणाले. "एक गोल झाला असता. काय मोठं झालं असतं?"

माझी बदली झाली, खोली सुटली. पण जायचं सुटलं नाही. मागच्या महिन्यात गेले. फाटक उघडं, दार उघडं. मी मुद्दाम उंबऱ्याबाहेर थांबले. वाटलं, आतून एकदा "कोण? यारू? कौन?" असं यावं. शिव्या दिल्या तरी चालेल. आलं नाही. "या, या," एवढंच आलं, कोण आहे ते न बघता. गल्लीतली कुत्री आत येऊन निजली होती.

आक्कांनी चहा ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाळू?"

पलीकडचा आवाज तरुण होता. घाईचा, जरा घाबरलेला, मोडक्या मराठीत. हो म्हणाला. बाबा, मी अडचणीत आहे म्हणाला. पोलिसांनी पकडलंय, लगेच पैसे भरावे लागतील. मी ताडकन उठले. आक्कांनी माझा हात धरला.

"बोलू दे त्यास्नी," त्या म्हणाल्या. "खात्यात हाय काय आता? जाऊन जाऊन काय जातंय?"

आप्पा फोनवर वाकले होते. एवढे मऊ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बोल बाळा. शब्द न्हाय इचारत मी. अजाबात न्हाय इचारत. तू बोल."

पलीकडच्यानं फोनवर आलेला नंबर मागितला. आप्पांनी चष्मा लावून एक एक आकडा सावकाश, नीट वाचून दाखवला. त्यानं पुन्हा मागितला, त्यांनी पुन्हा सांगितला. मग तो वैतागून म्हणाला की यात तर काहीच नाही.

"ऱ्हाऊ दे त्ये," आप्पा म्हणाले. "लागलंय किती? घाटात कुठल्या अंगाला पडलायस तेवढं सांग. तात्या निपाणीतनं निघालाच बघ जीप घेऊन. बाळा? ऐकतोयस न्हवं?"

त्यानं फोन कट केला.